आणि बर्णबासुद्धा

परवा आमच्या घरगुती प्रार्थनासभेत बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय वाचायला होता. वाचणाऱ्या काकांनी केंख्रियाच्या फिबीपर्यंत चांगला आवाज लावून वाचलं, मग चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पुढं नुसती नावंच आहेत, घरी वाचा." पुस्तक मिटलं. शेवटचं गीत झालं, चहा आला, चिवड्याच्या बशा फिरल्या आणि विषय कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर गेला. काकांचं तसं काही चुकलं नव्हतं. असुंक्रित, फ्लगोन, हर्मेस, पत्रबास ही नावं एका दमात म्हणून दाखवायची तर जीभ वळायला हवी, आणि त्या माणसांविषयी नावापलीकडे काही कळतही नाही. तरी मला ते लागलं. बाकीचं पत्र धर्मशास्त्राचं असेल, पण माणसं या शेवटच्या पानावर राहतात. त्यांना दारातच सोडून आम्ही चहा प्यायला बसलो, असं काहीतरी वाटत राहिलं.

माझ्या आजीला गावाकडून आंतरदेशीय पत्र यायचं. निळा कागद, डिंकाच्या पट्टीपर्यंत दाबून लिहिलेला मजकूर, आणि जागा संपली की कडेनं आडवं लिहिलेलं. आजीला वाचता येत नसे, म्हणून वाचून दाखवायचं काम आमच्याकडे. पाऊसपाणी, कांद्याचा भाव, कुणाचं लग्न ठरलं हे सगळं ती मान हलवत ऐकायची, एकीकडे तांदूळ निवडायची. पण शेवटचे नमस्कार-आशीर्वाद आले की हात थांबायचा. "परत वाच." आम्ही परत वाचायचो. अमक्याला नमस्कार, तमकीला आशीर्वाद. मग ती एखादं नाव घ्यायची, जे पत्रात नसायचं, आणि म्हणायची, "म्हणजे अजून बोलत नाहीत." पत्रातली खरी बातमी तिला बरोबर सापडायची.

पौलाची, म्हणजे पहिल्या शतकात गावोगाव ख्रिस्ताचा संदेश नेणाऱ्या त्या प्रेषिताची, पत्रं मी आजीच्या पद्धतीनं वाचते. रोमला तो तोवर गेलाही नव्हता, तरी तिथल्या पंचवीसेक जणांना तो नावानिशी सलाम सांगतो. प्रिस्का आणि अक्विला, ज्यांनी त्याच्यासाठी मान धोक्यात घातली. अंद्रोनीक आणि युनिया, जे त्याच्याबरोबर कैदेत होते आणि त्याच्या आधीपासून ख्रिस्ती होते. त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस, प्रभूच्या कामात खपणाऱ्या बाया. रूफाला सलाम, आणि त्याच्या आईला. ती माझीही आईच, असं तो म्हणतो. या एका ओळीत केवढी कहाणी असेल. कुठल्या गावात, कुठल्या आजारपणात किंवा उपाशी संध्याकाळी त्या बाईनं या किरकोळ अंगाच्या, तापट, अविवाहित माणसाला जेवायला वाढलं असेल, कुणास ठाऊक. मध्येच पत्र उतरवून घेणारा लेखनिकही डोकं वर काढतो: हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय, माझाही सलाम. सोळा अध्याय मुकाट्यानं लिहिल्यावर त्यानं एवढी एक ओळ स्वतःसाठी मागून घेतली असावी, आणि पौलानं दिली.

फिलिप्पैहून आलेल्या एपफ्रदीताचं तर मला फार हसू येतं आणि मायाही वाटते. गावानं गोळा केलेली मदत घेऊन तो कैदेतल्या पौलाकडे आला आणि इथंच मरायला टेकला. बरा झाला, पण चैन पडेना. का, तर आपण आजारी असल्याचं घरच्यांना कळलं याचीच त्याला काळजी. शेवटी पौलानं त्याला परत धाडलं आणि सोबत लिहिलं, याला आनंदानं जवळ करा, अशांना मान द्या. काम अर्ध्यावर टाकून आला असं गावात कुणी म्हणू नये, म्हणून ही तजवीज. पौल नावं घेतो तो असा, त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून.

आणि ज्यांच्यावर तो पेटलेला असतो, त्यांची नावं कुठं आहेत?

शोधून बघा. जी सात पत्रं पौलाचीच याबद्दल अभ्यासकांत वाद नाही, त्यांत विरोधकांची नावं जवळपास नाहीतच. गलतीकरांच्या पत्रात आगपाखड आहे, पण ती 'काही जणां'वर. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले लोक, ख्रिस्ती झाले तर त्यांनीही सुंता करून घ्यावी म्हणणाऱ्यांनी स्वतःला पुरतंच कापून घ्यावं, इथपर्यंत त्याची जीभ घसरते, आणि तरी कोण ते सांगत नाही. करिंथमध्ये शिफारसपत्रं घेऊन आलेले, त्याच्यापेक्षा भारी बोलणारे नवे उपदेशक आहेत; त्यांना तो खवचटपणे अतिश्रेष्ठ प्रेषित म्हणतो. नाव नाही. फिलिप्पैच्या पत्रात कुणाला तरी कुत्रे म्हणतो. नाव नाही. ज्या गलतीया प्रांताला त्यानं हे असं लिहिलं, त्याच प्रांतात ऑगस्टस सम्राटाच्या कारकिर्दीचा गौरवलेख देवळाच्या भिंतीवर कोरलेला होता. आजच्या अंकाऱ्यात तो अजून वाचता येतो. त्यात त्याचा शत्रू अँटनीचं नाव नाही, ज्यूलियस सीझरला मारणाऱ्या ब्रूटस-कॅशियसचं नाही. एक 'टोळी' आहे, 'माझ्या पित्याचे मारेकरी' आहेत. शत्रूचं नाव घेऊन त्याला मोठं करायचं नाही, ही त्या काळाची मुरलेली चाल होती. नाव न घेता टोला आपल्यालाही काही नवा नाही. पौलानं ही रीत उचलली असणार, यात शंका नाही.

पण मला वाटतं त्याच्या बाबतीत तेवढंच नव्हतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक माणूस आहे. त्यानं पौलाला, बहुधा सगळ्यांदेखत, काहीतरी फार लागेल असं केलं किंवा बोललं. पौल तिथून निघून गेला आणि रडत रडत एक पत्र लिहिलं; ते पत्र आज आपल्यापाशी नाही, किंवा असलंच तर ओळखू येत नाही. पुढं तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं त्या माणसाला शिक्षा केली. आणि आता पौल लिहितो, पुरे झालं. त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर दुःखात बुडून जाईल तो. त्या माणसाचं नाव दोन हजार वर्षं कुणालाच माहीत नाही. अभ्यासकांनी तर्क लढवले, पण तो कुणाच्या हाती लागला नाही. तो घरी गेला, पुढच्या रविवारी मंडळीत येऊन बसला असेल, म्हातारा झाला असेल, आणि पत्र पुन्हा वाचलं गेलं तेव्हा नव्या पोरांना कळलंही नसेल की कोपऱ्यातले ते आजोबा म्हणजे हेच. नाव न घेतल्यामुळे त्याला परतीची वाट राहिली.

विरोधकांचं एक वाक्य मात्र पौलानं जपून ठेवलंय, आणि ते नेमकं स्वतःविरुद्धचं आहे. माझ्याविषयी म्हणतात, तो सांगतो, की याची पत्रं वजनदार आणि जोरकस, पण समोर उभा राहिला की अंगात दम नाही, आणि बोलणं तर अगदीच टाकाऊ. त्यांचा स्वतःचा एक कागद उरलेला नाही. करिंथचे ते वक्ते कसे बोलायचे, गलतीयात सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं काय होतं, हे सगळं आपण फोनच्या एकाच टोकाला उभं राहून ऐकतो. त्यांची बाजू अगदीच वेड्यासारखी नसणार. अब्राहामाशी देवानं केलेला करार, आणि त्याची खूण असलेली सुंता पौलासारख्या एका तंबू शिवणाऱ्यानं रद्द ठरवायची, हे कुणाही भाविक यहुद्याला धक्कादायकच वाटलं असतं. मी त्या काळी त्यांच्यात असते तर कुणाच्या बाजूनं हात वर केला असता, याची मला खात्री नाही. पण पौलानं त्यांचं ते झोंबणारं वाक्य लिहून ठेवलं आणि मग दोन पानं त्याला उत्तर देत बसला. पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. नद्यांची संकटं, लुटारूंची, रानातली, समुद्रावरची. संकटांची ही यादी वाढत वाढत जाते आणि तिच्या शेवटी कोण येतं, तर खोटे बंधू. समुद्राच्याही नंतर.

उलट युवदीया आणि सुंतुखे यांची नावं तो बिनदिक्कत घेतो. फिलिप्पैमधल्या या दोघी त्याच्या कामात खांद्याला खांदा लावून झटलेल्या, आणि आता एकमेकींशी बिनसलेलं. युवदीयाला विनवतो, सुंतुखेला विनवतो, असं क्रियापद दोनदा वापरून, एकीकडे झुकतं माप जाऊ न देता तो लिहितो. हे पत्र मोठ्यानं वाचलं जायचं. कुणाच्या तरी घरात, दिव्याच्या उजेडात, माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि त्या दोघी तिथंच, एक या भिंतीशी, दुसरी त्या. सगळ्यांच्या माना आधी एकीकडे वळल्या असतील, मग दुसरीकडे. आपल्या माणसांची चारचौघांत अशी खरडपट्टी फक्त घरचं माणूसच काढू शकतं. पौल नावं घेतो ती आपल्यांची. भांडण झालं तरी ज्यांना सोडायचं नाही, त्यांची.

म्हणून तीमथ्याला दुसरं पत्र वाचताना मला आतून गारठल्यासारखं होतं. इथं नावंच नावं आहेत. फुगल आणि हर्मगनेस यांनी पाठ फिरवली. हुमनाय आणि फिलेत यांची शिकवण गँगरीनसारखी पसरते. आलेक्सांद्र तांबटानं फार वाईट केलं, तूही त्याच्यापासून जपून राहा. आणि देमास. फिलेमोनाच्या पत्रात मार्क, अरिस्तार्ख, लूक यांच्या रांगेत तो सहकारी म्हणून सलाम सांगतो. कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य लूक आणि देमास, बस्स. लूकाला विशेषण आहे, याला नाही. आणि इथं, या जगाच्या मोहानं मला सोडून थेस्सलनीकाला गेला. त्यानंतर देमास नाही. तो गेला ते आईच्या आजारपणासाठी, की थकून, की तुरुंगाच्या दारात रोज उभं राहण्याची भीती वाटून, काही कळत नाही. दुसऱ्या शतकात पौल आणि त्याची शिष्या थेक्ला यांची कहाणी रचली गेली, तोवर देमास पक्का ढोंगी खलपुरुष झाला होता. तिथं तो हर्मगनेसाच्या जोडीनं पौलाच्या पाठीमागं चहाड्या करत हिंडतो, आणि तांबटाचा धंदाही आता हर्मगनेसाच्या गळ्यात पडलाय. ती कहाणी आशिया प्रांतातल्या एका वडिलानं पौलावरच्या प्रेमापोटी रचली आणि त्यापायी त्याला पद सोडावं लागलं, असं जुना ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन सांगतो. एका ओळीवर केवढं हे इमलं.

बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे पत्र पौलाचं नाही. त्याच्या मागं त्याच्या परंपरेतल्या कुणीतरी त्याच्या नावानं लिहिलं. काहींना त्यातले निदान काही तुकडे अस्सल वाटतात. त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, हिवाळ्याच्या आत ये, हे वाचताना मीही डळमळते, कारण असला झगा उगाच कोण रचेल? पण नावांचा हिशेब मला दुसऱ्या पारड्यात टाकतो. करिंथच्या त्या माणसाचं नाव गिळून टाकणारा पौल देमासाचं नाव असं कायमचं भिंतीवर मारून ठेवील का? की एकट्या, थंडीनं कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याचा संयम शेवटी सुटला? तसंही असेल. मरणाच्या तोंडाशी माणूस जुनी पथ्यं पाळतोच असं नाही. तरी मला हा हात शिष्याचा वाटतो. गुरूला कुणी दुखावलं याच्या याद्या गुरूपेक्षा शिष्यच जास्त चोख ठेवतात.

त्याच पानावर मार्क आहे. त्याला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. हा तोच योहान मार्क, जो प्रचाराच्या पहिल्या फेरीत पंफुल्यातल्या पिर्गाहून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना सोडून यरुशलेमला परतला होता. पुढच्या खेपेला बर्णबानं त्याला पुन्हा बरोबर घ्यायचं म्हटलं आणि पौलानं साफ नकार दिला. भांडण एवढं विकोपाला गेलं की बर्णबा मार्काला घेऊन कुप्राच्या, म्हणजे सायप्रसच्या, जहाजात बसला आणि पौल सीलाबरोबर सूरियाच्या वाटेला लागला. लूकाच्या नावावरच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात बर्णबा आपल्याला शेवटचा दिसतो तो या जहाजात चढताना. मार्काची वाट वळून परत आली. बर्णबाची आली की नाही, ते कृत्ये सांगत नाहीत.

आणि बर्णबाचं पौलावर ऋण किती! ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल, म्हणजे हाच पौल, एकाएकी आपल्यात आला म्हटल्यावर यरुशलेमात सगळे त्याला भ्यायले, तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढं नेलं ते यानं. पुढं अंत्युखियात काम वाढलं तेव्हा तार्सला जाऊन त्याला हुडकून आणलं ते यानंच. लूक आधी 'बर्णबा आणि शौल' असं लिहितो. कुप्र बेटावरून पुढं निघाले की 'पौल आणि बर्णबा' होतं. कधी क्रम फिरला, यावर बर्णबानं भुवईसुद्धा उचलल्याची नोंद नाही. लुस्त्रात लोकांनी यांना देव समजून बैल आणले, तेव्हा बर्णबाला ग्रीकांच्या देवांचा राजा ज्यूस ठरवलं आणि पौलाला त्या देवांचा निरोप्या हर्मीस, कारण बोलायचं काम पौल करायचा. मला तो प्रसंग डोळ्यांपुढं येतो: बडबड्या छोटा एकीकडे, आणि शेजारी शांत उभा असलेला, अंगापिंडानं बहुधा भारदस्त, मोठा.

लूक फाटाफुटीचं खापर मार्कावर फोडतो. पौल स्वतः या बाबतीत मार्काचं नावही काढत नाही; तो गलतीकरांना दुसरंच सांगतो. अंत्युखियात यहुदी आणि परराष्ट्रीय ख्रिस्ती एका पंगतीला जेवत होते, केफा म्हणजे येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली आणि केफा हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदीही. पंगतीतून उठणं म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला समजवायला नको. न बोलता उठलेलं एक माणूस, रिकामी झालेली जागा, उरलेल्यांचा घशात अडकलेला घास. पौल सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर बोलला, आणि हे सांगताना त्याच्या लेखणीत आजही आवेश आहे. फक्त एका ठिकाणी आवाज बदलतो. त्यांच्या ढोंगाबरोबर बर्णबासुद्धा वाहवत गेला.

त्या 'सुद्धा'पाशी मी दर वेळी थांबते. पेत्रावर तो रागावला होता. इथं त्याला काहीतरी तुटल्यासारखं झालं.

पेत्रानं काय उत्तर दिलं ते पौल सांगत नाही, आणि जिंकला असता तर सांगितल्याशिवाय राहिला नसता, असं बऱ्याच जणांना वाटतं; मलाही. पुढच्या शतकांतल्या मंडळीला आणि तिच्या धर्मपंडितांना हे भांडण फार अवघड गेलं. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंतानं हा केफा म्हणजे पेत्र नव्हेच, दुसरा कुणी, असं म्हणून सुटका करून घेतली. जेरोम म्हणाला, दोघांनी मिळून केलेलं ते नाटक होतं, लोकांना शिकवण मिळावी म्हणून. ऑगस्टीनला ते पटेना; शास्त्रात लटकी भांडणं मानायला लागलो तर खरं काय उरेल? मग त्या दोघांचीच या मुद्द्यावरून पत्रापत्री आणि धुसफूस झाली. त्यात ऑगस्टीनचं पत्र जेरोमच्या हाती पडायच्या आधी भलत्याच लोकांनी वाचलं, त्याचा रुसवा निराळा. बर्णबाची वकिली करायला मात्र कुणी एवढं सरसावलं नाही. माझा कल त्याच्याकडे आहे, हे कबूल करते. पौलाचं तत्त्व बरोबर होतं आणि त्या तत्त्वामुळेच हा धर्म जगभर, आमच्या घरातल्या त्या प्रार्थनासभेपर्यंत पोचला. पण ज्याला दोन्ही बाजूंची माणसं आपली वाटतात, जो पाहुण्यांचं मन राखायला उठतो आणि उठल्यावर ज्याला मागं राहिलेल्यांकडे बघवत नाही, त्याला ढोंगी म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

ही फाटाफूट इ.स. 49च्या आसपासची. त्यानंतर पौल पश्चिमेला गेला, करिंथला अक्विला आणि प्रिस्का यांच्याबरोबर तंबूंच्या कामात बसला. चामडं असो की बोकडाच्या केसांचं जाड कापड, दिवसभर टोचून बोटं सोललेली असणार. तिथल्या मंडळीकडून त्यानं पैसा घेतला नाही, आणि उलट तोच आक्षेप झाला: खरा प्रेषित असता तर हक्कानं घेतला नसता का? याला उत्तर देताना, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात, तो केफाचं आणि इतर प्रेषितांचं उदाहरण देतो, आणि लगेच विचारतो: की हातानं काम न करता जगण्याचा हक्क फक्त मला आणि बर्णबालाच नाही?

मला आणि बर्णबाला. फाटाफुटीनंतर काही वर्षांनी, वादाच्या ऐन भरात, जोडी पुन्हा एका ओळीत. गंमत अशी की बर्णबा करिंथला आल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. ती मंडळी उभी राहिली ते दोघं वेगळे झाल्यावर. तरी हा युक्तिवाद त्यांच्यापुढं चालतो, म्हणजे बर्णबा कोण, तो कसा राबून खायचा, हे त्यांना ठाऊक होतं. कुणीतरी त्यांना त्याच्याविषयी सांगितलं असणार, आणि चांगलंच सांगितलं असणार. माझा संशय पौलावरच आहे.